गाळलेले वाक्य

फेब्रुवारी महिन्याची २७ तारीख महाराष्ट्रात मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळली जाते, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. ज्यांच्या जन्मदिनानिमित्त हा दिवस पाळतात त्या कुसुमाग्रजांच्या आयुष्याचा फार मोठा भाग नाशिकात गेला. त्याच नाशिकचा एक तरुण वैमानिक, स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे, २०१९ साली नेमक्या याच तारखेस काश्मीरमध्ये हेलिकॉप्टर कोसळून मृत्यू पावला. या दोन गोष्टींचा परस्परांशी वस्तुतः काही संबंध नाही. परंतु लातूर येथील एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी तो जोडला, आणि त्यातून आमच्यावर जो प्रसंग ओढवला त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढील विवेचनास हात घालणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

आम्ही राहणारे नांदेडचे. भाषादिनानिमित्त व्याख्यान देण्यास या वर्षी लातूरहून बोलावणे आले, व त्यासोबत अशीही सूचना आली की, शाळेतील पुष्कळ मुले सैन्यात जाऊ इच्छितात, तरी अखेरीस पाच मिनिटे मांडवगणे यांच्या स्मरणार्थ बोलावे. आम्ही दोन पाने लिहून नेली. व्याख्यानापूर्वी चहा घेताना मुख्याध्यापकांनी ती पाने मागून घेतली, शांतपणे वाचली, आणि एका वाक्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ ओढून ते म्हणाले, “सर, एवढं एक वाक्य राहू द्या. बाकी सगळं उत्तम आहे.” ते वाक्य असे होते: ‘त्यांचे हेलिकॉप्टर शत्रूने पाडले नाही, आपल्याच दलाने चुकून सोडलेल्या क्षेपणास्त्राने ते पडले.’

आम्ही ते वाक्य गाळले. यजमानांचा मान राखावा, मुलांसमोर वाद नको, अशी कारणे त्या वेळी सुचली आणि ती पुरेशी वाटली. व्याख्यान झाले, टाळ्या झाल्या. मुले पांगत असता एक दहावीतला मुलगा आमच्याजवळ आला. त्याचे गाव परांडा तालुक्यातले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो महापूर आला त्यात परांडा भागात पाण्याने वेढलेल्या लोकांस हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले होते, व त्या लोकांत या मुलाचा मामा होता. हेलिकॉप्टर म्हणजे काय हे त्या मुलाने आमच्याहून पुष्कळ जवळून पाहिले होते. त्याने विचारले, “सर, त्यांचं हेलिकॉप्टर पाडलं कुणी?” आम्ही म्हणालो, “युद्धाच्या धामधुमीत पडलं, बाळ.” त्याने मान हलवली व तो निघून गेला. त्याला उत्तर मिळाले नाही हे त्याला कळले होते, आणि त्याला ते कळले आहे हे आम्हांस कळले. परतीच्या वाटेवर तेवढी एकच गोष्ट मनाशी राहिली. मृताविषयीचा आदर आणि मृत्यूविषयीचे सत्य यांत विरोध आहे काय, व असल्यास कोणी कोणास वाट करून द्यावी, हा प्रश्न आम्ही त्या मुलाच्या निमित्ताने येथे मांडीत आहो.

प्रथम घडले ते सरळ सांगतो. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी पहाटे भारतीय विमानांनी बालाकोट येथे हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानची विमाने राजौरी-नौशेरा बाजूने चालून आली व आकाशात चकमक झाली. त्याच सकाळी, दहाच्या सुमारास, श्रीनगरच्या तळावरून उडालेले वायुदलाचे एमआय-१७ व्ही-५ जातीचे हेलिकॉप्टर बडगाम जिल्ह्यातील गरेंद कलां गावाजवळ कोसळले. त्यातील सहाही जण मृत्यू पावले. स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ व स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे हे दोघे वैमानिक, बाकीचे चौघे त्यांचे सहकारी. खाली जमिनीवर असलेला एक गावकरीही त्यात मेला. प्रथम हा अपघात म्हणून सांगितला गेला. पुढे चौकशी झाली, आणि ४ ऑक्टोबर २०१९ रोजी, पदावर येऊन आठवडाही झाला नव्हता अशा नव्या वायुदलप्रमुखांनी, एअर चीफ मार्शल भदौरिया यांनी, आपल्याच क्षेपणास्त्राने आपले हेलिकॉप्टर पडले व ही आपली मोठी चूक झाली, असे उघडपणे मान्य केले. क्षेपणास्त्र इस्रायली बनावटीच्या स्पायडर यंत्रणेतले होते. मांडवगणे व वशिष्ठ यांस मरणोत्तर वायुसेना पदक देण्यात आले. २०२३ मध्ये सैनिकी न्यायालयाने एका अधिकाऱ्यास सेवेतून काढण्याची शिफारस केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले.

मांडवगणे यांचे वय त्या वेळी तेहतीस वर्षांचे होते. नाशिकच्या भोसला सैनिकी शाळेत ते शिकले. दहावीनंतर औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेत दाखल झाले. राज्य शासनाने १९७७ साली काढलेली ही संस्था मराठवाड्यातील अनेक घरांत आशेचे स्थान होऊन राहिली आहे. लातूरच्या वैद्यकी-अभियांत्रिकीच्या शिकवण्यांच्या गजबजाटातही तिच्या प्रवेशपरीक्षेची पुस्तके घेऊन बसणारा एखादा मुलगा दिसतोच. तेव्हा नाशिकचा हा तरुण आम्हां मराठवाडेकरांस अगदीच परका नव्हे. १ मार्च रोजी नाशिकात गोदावरीकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. मागे वृद्ध आईवडील, पत्नी व दोन वर्षांची मुलगी. त्या दिवशी जमलेल्या छायाचित्रकारांनी त्या लहान मुलीची जी चित्रे घेतली व छापली त्यांविषयी आम्ही येथे काही लिहिणार नाही.

त्याच १ मार्चच्या रात्री विंग कमांडर अभिनंदन वर्धमान वाघा-अटारीच्या सीमेवरून परत आले, आणि साऱ्या देशाचे डोळे त्या फाटकाकडे लागलेले होते. ते तसे लागावेत यात गैर काही नाही. एक माणूस जिवंत परत येत असेल तर त्याच्याकडे पाहू नये काय? आम्ही तक्रार करीत नाही, केवळ लोकस्मृतीचा स्वभाव पाहत आहो. लोकस्मृतीस कथा लागते, कथेस शत्रू लागतो. अभिनंदन यांच्या हकीकतीत शत्रू होता, झुंज होती, बंदिवास होता, सुटका होती. बडगामच्या हकीकतीत एक सरळ जाणारे हेलिकॉप्टर होते आणि खाली आपलीच माणसे होती. अशी कथा सांगावी कशी हे लोकांस उमगत नाही. म्हणून ते एक तर ती सांगतच नाहीत, किंवा तिच्यातले अडचणीचे वाक्य गाळून सांगतात.

मुख्याध्यापकांवर अन्याय होऊ नये म्हणून त्यांची बाजू, ती त्यांनी मांडली त्याहून अधिक जोर देऊन, येथे मांडणे आमचे कर्तव्य आहे. ते काही खोटे बोला म्हणाले नाहीत. थोडे कमी बोला म्हणाले. त्यांचे म्हणणे असे की, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास प्रथम श्रद्धा द्यावी, शंका त्याला पुढे जग देईलच. आपल्याच लोकांच्या चुकीने माणूस मेला असे ऐकले की त्या मरणाला ‘व्यर्थ’ हा शब्द चिकटतो, आणि तो एकदा चिकटला की पदकाने निघत नाही. शिवाय ज्या घरावर हा प्रसंग आला त्या घरास तरी सांत्वन म्हणून एवढे असू द्यावे की, आपला माणूस शत्रूशी लढता लढता गेला. हे सर्व ऐकताना आमच्या मनात दया उत्पन्न होते, आणि दयेपोटी सांगितलेल्या अर्धसत्याशी वाद घालणे फार जड जाते. तथापि या युक्तिवादाच्या तळाशी एक समजूत दडलेली आहे. माणसाच्या आयुष्याची किंमत त्याला मारणाऱ्या हातावर ठरते, ही ती समजूत. शत्रूच्या हाताने मेला तर थोर, मित्राच्या हाताने मेला तर बिचारा! मरणाऱ्याने स्वतः काय केले याला या हिशेबात जागाच नाही.

दिवस भाषेचा होता, तेव्हा शब्दांकडेच वळू. अशा माणसासाठी आपण आज तीन शब्द वापरतो. ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने आपला आत्मा आहुती म्हणून दिला तो. मराठवाड्यास हा शब्द हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाने जवळचा केला. नांदेड जिल्ह्यात १९४६ साली रझाकारांच्या हातून मारले गेलेले गोविंदराव पानसरे यांच्या नावामागे तो कायमचा लागला आहे, व तेथे तो शोभतो, कारण धोका समोर दिसत असता ते त्याच्या दिशेने चालत गेले. दुसरा शब्द ‘शहीद’. सरकारदरबारी सैनिकांच्या बाबतीत हा शब्द वापरण्याची पद्धत नाही; तेथे युद्धात मृत्यू एवढीच नोंद होते, हे शासनाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. लोक मात्र तो वापरतात, आणि त्याचा मूळ अरबी अर्थ साक्षीदार असा आहे हे बहुधा ध्यानात घेत नाहीत. ज्याला आपण साक्षीदार म्हणतो त्याची साक्ष मात्र अर्धी खोडून टाकावयाची, असा हा व्यवहार होतो.

तिसरा शब्द अस्सल मराठी, आणि आमच्या मते तिहींत श्रेष्ठ. आपले बखरकार लिहितात, अमका रणात कामास आला, तमके कामी आले. ‘कामी येणे’ या शब्दप्रयोगात शत्रूचा उल्लेख नाही, रक्ताचा नाही, स्वर्गाचाही नाही. त्यात फक्त काम आहे. माणूस एका कामाला लागलेला होता आणि त्या कामातच तो संपला, एवढेच तो शब्द सांगतो. मारणारा हात कोणाचा हे विचारल्याशिवाय हा शब्द वापरता येतो, आणि तो वापरला म्हणजे पुढे आपोआपच प्रश्न येतो: काम कोणते?

हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचे काम हे लढाऊ विमानाच्या वैमानिकाच्या कामाहून जातीनेच निराळे आहे. लढाऊ विमान एकटे किंवा दुकटे जाते, विजेसारखे येते आणि विजेसारखे जाते. हेलिकॉप्टर माणसांनी भरलेले असते. एमआय-१७ हे त्यांतले भरदार वाहन. चार टनांपर्यंत ओझे ते वाहते. जवान इकडून तिकडे न्यावयाचे, रॉकेल आणि धान्य पोचवावयाचे, जखमी माणूस आणावयाचा, पुरात छतावर उभ्या असलेल्या बाईला दोराने वर घ्यावयाचे, आणि कधी मृतदेह त्याच्या गावाकडे न्यावयाचा. हमाल, टपालवाला, परिचारिका आणि नावाडी या चौघांची कामे एकाच माणसाकडे आलेली. सियाचेनसारख्या ठिकाणी चौकीवरच्या शिपायाचे जगणे हेलिकॉप्टर येण्यावर टिकून असते. ज्याला आपण संसारी काम म्हणतो, म्हणजे आणणे, नेणे, पोचविणे, सांभाळणे, त्याचेच हे आकाशातले रूप होय. या कामास पराक्रम म्हणण्याची आपली जीभ सहसा वळत नाही, कारण ते रोज होते.

परंतु त्यात मरण किती जवळ असते हे २५ जून २०१३ रोजी दिसले. केदारनाथच्या प्रलयानंतर लोकांना वाचविण्याच्या कामी लागलेले वायुदलाचे याच जातीचे हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ डोंगरात कोसळले व त्यातील वीसही जण मेले. त्याचे प्रमुख वैमानिक मुंबईचे विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो होते. केदारनाथी पडलेल्या प्रेतांच्या दहनासाठी लाकडे पोचविण्याचे काम त्यांच्याकडे होते. तेथे तर शत्रूच नव्हता. होते ते धुके, पाऊस आणि दरी. त्यांच्या मरणाला कोणी व्यर्थ म्हणाले नाही. मग बडगामच्या सहा जणांच्या बाबतीत तो शब्द ओठांवर का यावा? केदारनाथी निसर्गाची चूक झाली असे म्हणता येते, आणि निसर्गावर खटला भरता येत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. बडगामात चूक माणसांची, आणि तीही आपल्यांची. लाज आपल्याला वाटते आणि व्यर्थपणा मात्र आपण मृताच्या खाती लिहितो, हा हिशेबच उलटा आहे.

अशा चुका युद्धात नव्या नाहीत. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचा नामांकित सेनापती जॅक्सन १८६३ च्या मे महिन्यात अंधारात आपल्याच शिपायांच्या गोळ्यांनी जखमी झाला व आठ दिवसांनी वारला. अंधाराचे कारण तरी तेथे होते. १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकात अमेरिकेच्या दोन लढाऊ विमानांनी लख्ख दिवसा अमेरिकेचीच दोन हेलिकॉप्टरे पाडली. सव्वीस माणसे गेली. आज विमानांत आपला-परका ओळखण्याचे यंत्र असते. खालचे यंत्र लहरींनी विचारते, वरचे यंत्र ठरलेल्या खुणेने उत्तर देते. माणसाने माणसाचा चेहरा पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. उत्तर आले नाही, किंवा प्रश्न विचारलाच गेला नाही, किंवा उत्तराची वाट पाहण्यापूर्वीच कोणा अधिकाऱ्याचा धीर सुटला, की पडद्यावरचा ठिपका शत्रू ठरतो. त्या सकाळी आकाशात खरोखरीचा शत्रू होता, हे विसरून भागणार नाही. बटण दाबणाऱ्यांच्या डोळ्यांपुढेही आपला तळ आणि आपली माणसेच होती.

दिसत नसता सोडलेल्या बाणाची कथा आपल्याकडे फार जुनी आहे. सरयूच्या काठी रात्री पाण्याचा बुडबुड आवाज आला. हत्ती पाणी पीत असावा असे समजून दशरथाने शब्दवेधी बाण सोडला, आणि घागर भरीत असलेला मुनिपुत्र, आपला श्रावणबाळ, विद्ध झाला. कथेचा एवढा भाग आपल्याकडे लहान मुलास ठाऊक असतो व त्यातले तात्पर्य मातृपितृभक्ती असे सांगितले जाते. वाल्मीकीच्या अयोध्याकांडात याहून कठीण असा एक भाग आहे, तो आपण सहसा सांगत नाही. मरणारा मुलगाच राजाला म्हणतो की, तू स्वतः माझ्या आईबापांकडे जा व घडले ते सांग. दशरथ ती घागर भरून घेतो आणि त्या आंधळ्या म्हाताऱ्यांकडे जातो. त्याच्या पावलांचा आवाज ऐकून बापाला वाटते मुलगाच आला, आणि तो उशीर का झाला म्हणून विचारतो. त्या क्षणी दशरथास गप्प राहणे किती सोपे होते! रात्र होती, अरण्य होते, दोघेही आंधळे होते. वाघाने नेले असे म्हटले असते तरी कोण पाहावयास येणार होते? तो सांगतो. आणि बाप त्याला म्हणतो की, हे तू स्वतः येऊन सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती. मग शापही देतो, कारण सांगितल्याने दोष धुऊन जात नाही. परंतु त्या तिघांत पुढे जे काही बोलणे शक्य होते, मुलाच्या देहापर्यंत हात धरून नेणे शक्य होते, ते सर्व त्या सांगण्यामुळे शक्य झाले.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वायुदलप्रमुख जे बोलले ते आम्हांस या कथेच्या जवळचे वाटते. सात महिने लागले, हे दीर्घ आहेत. तसेच प्रथम अपघात म्हणून जे सांगितले गेले ते जाणून की न जाणून, याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण लष्करी संस्था, मग ती कोणत्याही देशाची असो, असे उघडपणे क्वचितच बोलते. आणि येथेच आमच्या मुख्याध्यापकांचा, आणि आमचाही, घोटाळा उघड होतो. ज्याच्या हातून बाण सुटला त्याने घागर उचलून सांगावयास जावे, आणि ज्यांचा त्यात काही दोष नाही अशा आम्ही लातूरच्या एका वर्गात उभे राहून ते लपवावे! वायुदलाने न मागितलेली ही मेहेरबानी आम्ही कोणावर केली?

मृताच्या घरावर केली, असे उत्तर येईल. त्या घरास सांत्वन हवे असेल, सत्य नव्हे, असे आपण दुरून ठरवितो. पण त्या दिवसांत मांडवगणे यांच्या पत्नीने जे सांगितले ते वर्तमानपत्रांत आलेले आहे. आम्हांला युद्ध नको, युद्धाने काय नुकसान होते हे तुम्हांला ठाऊक नाही, असा कोणी निनाद यापुढे जाऊ नये, पलीकडच्या बाजूचाही नाही, असे त्यांच्या बोलण्याचे सार होते. आणि घरबसल्या संदेश पाठवून युद्धाच्या गर्जना करणाऱ्यांस, एवढा आवेश असेल तर सैन्यात भरती व्हा, असे त्यांनी ऐकविले. ज्या स्त्रीस ऐन दुःखात इतके स्वच्छ दिसत होते, तिला आमच्या मऊ अर्धसत्याची गरज आहे असे समजणे यात दया किती आणि उद्धटपणा किती, हे वाचकांनीच ठरवावे. आणि ती मुलगी? ती मोठी होईल, वाचावयास शिकेल, आणि सर्व काही एखाद्या दुपारी एकटीच वाचील. त्या दुपारी तिला असे वाटू नये की, आजवर आपल्याशी बोलणारे सारे लोक एक वाक्य गाळून बोलत होते.

संसारी मनुष्य आणि शिपाई हे दोन निराळे इसम आहेत, व पहिल्याने दुसऱ्यास वाट करून द्यावी, ही आपली आवडती कल्पना. तानाजीने रायबाचे लग्न मागे ठेवून कोंडाणा पुढे घेतला, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगतो, व त्यात वावगे नाही. पण तानाजी पडल्यावर महाराजांनी स्वतः पुढे होऊन रायबाचे लग्न लावून दिले, असे जे परंपरा सांगते, तो कथेचा उत्तरार्ध आपल्या भाषणांत क्वचितच येतो. पूर्वार्धात तानाजीचे कर्तव्य आहे, उत्तरार्धात आपले. पूर्वार्ध आपल्याला अधिक आवडतो, याचे कारण सांगावयास नकोच. आमच्या नांदेडात याहून वेगळे स्मरण नांदते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली येथेच देह ठेवला; सचखंडात त्यांची शस्त्रे जपलेली आहेत. परंतु येथे येणारा भाविक त्या शस्त्रांपुढे नमतो तसाच त्यांच्या चार पुत्रांची नावेही घेतो. दोघे चमकौरला लढताना पडले, दोघे कोवळे सरहिंदला मारले गेले. त्या स्मरणात योद्धा आणि बाप वेगळे काढता येत नाहीत. तसे ते काढावेत असे तेथे कोणाच्या मनातही येत नाही.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो आमच्या स्वतःच्या मनातला आहे. सत्य सांगितले, काम सांगितले, संसारही सांगितला. तरी ‘का’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, ते नाहीच. शत्रूने मारले असते तर निदान काही अर्थ लागला असता. अर्थ नसलेल्या मरणाचे स्मरण करावे तरी कसे? याचे उत्तर आम्हांस ग्रंथांत सापडले नाही. ते लातूर जिल्ह्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले असता, किल्लारी-सास्तूरचा टापू हादरला. बावन्न गावे जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसे झोपेतच दगडमातीखाली गेली. त्या मरणाला कारण होते, पण अर्थ कोणता होता? कोणासाठी, कशाच्या कामी? काहीच नाही. तरीही दर ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी माणसे जमतात. आम्ही एकदा गेलो होतो. तेथे एक म्हातारा आपल्या सुनेविषयी बोलत होता. ती कशी गेली हे त्याने एका वाक्यात सांगितले, आणि ती भाकरी कशी करीत असे, विहिरीवरून येताना कोणाशी भांडली होती, तिला गणपतीत कोणते लुगडे घेतले होते, हे सांगावयास त्याला अर्धा तास पुरला नाही. मरण अर्धे वाक्य, आयुष्य अर्धा तास. सभा-समारंभांत आपण हे प्रमाण नेमके उलटे करतो, आणि मग त्या अर्ध्या तासाच्या मरणाला शोभा यावी म्हणून ते रंगवावे लागते. मरणास त्याचे एक खरे वाक्य दिले असते तर रंग लागलाच नसता.

आणखी एक गोष्ट राहिली. बडगामच्या त्या शेतात सातवा माणूसही मेला होता, हे वर सांगितलेच. तो सैनिक नव्हता. त्याने कोणती शपथ घेतली नव्हती. पदकाच्या यादीत त्याचे नाव येण्याचा प्रश्न नव्हता. आमच्या त्या दोन पानांत, गाळलेले वाक्य धरूनही, तो नव्हता. मुख्याध्यापकांनी एक वाक्य गाळले म्हणून आम्ही इतके लिहिले, परंतु हे दुसरे वाक्य आम्ही आपणहून, कोणी पेन्सिलीची रेघ न ओढता, गाळलेले होते. सत्य सांगणाराही किती सहज विसरतो याचा हा आमच्याच घरचा दाखला होय.

नांदेडच्या घाटावर संध्याकाळी बसले म्हणजे पाणी नाशिकाकडून आलेले असते, हे शाळेत शिकलेले भूगोलाचे वाक्य अलीकडे आम्हांस वारंवार आठवते. त्याचा काही विशेष अर्थ आम्ही काढीत नाही. मात्र गेल्या आठवड्यात आम्ही ती दोन पाने पुन्हा स्वच्छ लिहून काढली; गाळलेले वाक्य त्याच्या जागी घातले, सातव्या माणसाचे वाक्य नवीन घातले, आणि मुख्याध्यापकांस पत्र पाठविले की, येत्या २७ फेब्रुवारीस बोलावणे नसले तरी आम्ही येऊ, पाचच मिनिटे द्यावी, आणि ही पाने अगोदर वाचून पाहावी. पत्राचे उत्तर अद्याप आलेले नाही. ते गृहस्थ सज्जन आहेत, उत्तर येईल. चिंता एवढीच आहे की, तो परांड्याचा मुलगा दहावीत होता, आणि फेब्रुवारीत तो त्या शाळेत असणार नाही.